हर्रास, फुलदाणी, खापर

भाच्याने लंडनमधल्या एका लिलावाच्या यादीतला फोटो पाठवला. हातभर उंचीचं मातीचं भांडं, पोटाला फुगीर, गळ्याला निमुळतं. पिवळसर तपकिरी झिलई, पोटावरच्या गोलात अजिंठ्याच्या वळणाची बसलेली आकृती, गळ्याभोवती कमळांची पट्टी. खाली इंग्रजीत लिहिलेलं : बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट, सुमारे १८८०. आणि त्याखाली भाच्याचा प्रश्न, "मामा, ह्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? आईला सांगायचंय."

मी भुसावळजवळच्या दीपनगरच्या वसाहतीत ओट्यावर बसलो होतो. सवयीने 'फुलदाणी' असं लिहिलं आणि पाठवायच्या आधीच अंगठा थांबला. शब्द चुकीचा नव्हता, पण त्या भांड्याच्या अंगाला तो बसेना. एवढ्या अरुंद तोंडात फुलं कोण खोचणार, आणि पोटावर एवढं चित्र रेखल्यावर फुलांकडे बघणार कोण? भाच्याला म्हटलं, थांब, दोन दिवस दे. त्या दोन दिवसांचे दोन महिने झाले. एका भांड्याच्या नावासाठी निघालो आणि वाटेत शब्दच शब्द भेटत गेले.

'फुलदाणी'तलं फूल आपलं, दाणी फारसी. फारसीत 'दान' म्हणजे एखादी वस्तू ठेवायची जागा. कलमदान, पानदान, शमादान ही त्याची पुल्लिंगी-नपुंसकलिंगी रूपं. आपण त्याला ईकार दिला, 'न'चा 'ण' केला आणि अत्तरदाणी, पिकदाणी, सुरमादाणी, चहादाणी अशी रांगच उभी केली. या 'दान'चा देण्याघेण्याच्या दानाशी संबंध नाही. त्याचं सख्खं भावंड संस्कृतात 'धान' या रूपात आहे. 'धा' म्हणजे ठेवणे. राजा जिथे वस्तीला असतो ती राजधानी. म्हणजे राजधानी आणि फुलदाणी या एकाच आजीच्या नाती. एक संस्कृताच्या घरी वाढली, एक फारसीच्या. पुढे दोघी मराठीत नांदायला आल्या आणि एकमेकींना ओळख दाखवत नाहीत.

शब्द फारसी का आला, तेही समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे फुलं परडीत असतात, ताटात असतात, माळेत नि वेणीत असतात. देठासकट पाण्यात उभी करून टेबलावर ठेवायची रीत दरबारातून आणि पुढे साहेबाच्या बंगल्यातून आली. मात्र भांड्यातून वर आलेली पानं-फुलं आपल्याला नवी नव्हती. लेण्यांमधल्या खांबांवर घटातून दोन्ही बाजूंना ओसंडणारी पालवी कोरलेली असते. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक तिला 'घटपल्लव' म्हणतात. किती नेटका शब्द! घट आणि पल्लव, मधे तिसरं काही नाही. तरी तो खांबावरच राहिला, घरात आला नाही. घरात आला तो कलश, नारळ आणि आंब्याची पानं घेऊन. भाच्याच्या फोटोतल्या भांड्याला कलश म्हणावं तर हात आपोआप जोडले जातात. तेही बरोबर नाही.

हे भांडं आलं कुठून, ते आधी सांगायला हवं, कारण त्याची मुळं आमच्या अंगणापर्यंत येतात. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. १८७०च्या दशकात तिथले अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचा विभाग काढला आणि सिंध प्रांतातल्या कुंभारांची झिलईची रीत मुंबईत आणली. पुढे टेरींनी 'वंडरलँड' नावाने भांडी घडवायचा कारखानाही चालवला. त्याच सुमारास, १८७२ पासून, शाळेतले चित्रकार जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. भिंतींवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवायचं हे काम १८८५ पर्यंत चाललं. तेव्हा अजिंठ्याची वाट पाचोरा स्टेशनावरून जायची, पुढे बैलगाडी. ती चित्रं मुंबईत पोहोचली तशी मातीवरही चढली. लेण्यांतले हत्ती, हंस, कमळांचे वेल, बसलेल्या उठलेल्या आकृती घागरीएवढ्या भांड्यांच्या पोटावर आल्या आणि भट्टीतून पक्क्या होऊन निघाल्या. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात या शाळेची भांडी बघायला मिळतात, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही आहेत. बाकीची साहेबांच्या सामानातून गेली आणि आता तिकडच्या घरांतून लिलावात उतरतात.

ग्रिफिथ्सच्या आधी हेच काम एका माणसाने जवळजवळ एकट्याने केलं होतं. रॉबर्ट गिल, मद्रास सैन्यातला अधिकारी. १८४४ मध्ये त्याची नेमणूक झाली, तो अजिंठा गावात राहिला आणि वर्षानुवर्षं भिंतींसमोर उभा राहून नकला करत राहिला. त्या मोठमोठ्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. ग्रिफिथ्सच्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे, माझ्या ओट्यापासून फार लांब नाही. मी तिथे उभा राहिलो आहे. ज्याने आयुष्य खर्चून रंगवलेलं दुसऱ्या मुलखात जळून गेलं, तो माणूस इथे आमच्या कोरड्या रेल्वेगावात झोपला आहे, हे आठवलं की आजही पोटात कालवतं. कापडावरची चित्रं आगीत गेली आणि त्याच वळणाची मातीवरची चित्रं राहिली, याचं कारण साधं आहे. मातीचं भांडं आगीतूनच जन्माला येतं. कुंभाराच्या भट्टीला मराठीत 'आवा' म्हणतात. संस्कृत 'आपाक', म्हणजे भाजण्याची जागा, झिजत झिजत 'आवा' झाला. एकदा आव्यातून निघालेल्या मातीला पुढच्या आगीचं भय कमी. तिला भय असतं ते पडण्याचं.

आता लिलावाच्या यादीकडे. भाच्याने पुढे वर्णनाचं पानही पाठवलं. त्यात भांड्याच्या अवयवांची नावं होती. ती वाचताना लक्षात आलं की यातल्या एकाही नावासाठी मराठीला कुणापुढे हात पसरायला नको. तोंड, ओठ, गळा, खांदा, पोट, कान, बूड. आमच्या कुंभारवाड्यातली कोणतीही बाई घागर घेताना हेच शब्द बोलते. कान म्हणजे धरायची कडी. कढईचे कान आपण रोजच म्हणतो. काठाची कपची उडाली असेल तर 'टवका उडाला', अंगात रेघ गेली असेल तर 'तडा गेला', नुसता ओरखडा असेल तर 'चरा पडला'. तिन्हींत भावाचा फरक आहे आणि तिन्हींना आपल्याकडे वेगळा शब्द आहे. वरच्या काचेसारख्या लेपाला 'झिलई'. हा अरबीतून आलेला, मूळ 'जिला', म्हणजे उजाळा. भांड्यांना कल्हई, तलवारीला पाणी आणि मातीला झिलई. ज्याच्या त्याच्या अंगचं तेज वेगळं, म्हणून शब्दही वेगळे.

यातला माझा सर्वात आवडता शब्द 'बूड'. जुनी मातीची भांडी पारखणारे आधी भांडं उलटं करतात. पोटावरच्या चित्रापेक्षा बुडाशी जास्त माहिती असते. कुंभाराची खूण, शाळेचं नाव, चाकावरून दोऱ्याने कापल्याच्या रेघा. भट्टीत वितळलेली झिलई खालच्या फळीला चिकटून बसू नये म्हणून बुडाचं कडं कोरडं राखलेलं असतं. त्या कोरड्या कड्यावर खरी माती दिसते आणि ती किती वर्षं वापरात घासली गेली, तेही कळतं. कुणी एखाद्या भांड्याची मोठं घराणं सांगू लागला की त्याला आधी बूड दाखवायला सांगावं. 'बिनबुडाचा' हा शब्द आपण आरोपासाठी वापरतो, पण तो निघाला आहे असल्याच भांड्यावरून, जे ठेवलं तिथे ठरत नाही.

या सगळ्या वस्तू शेवटी जिथे येतात, त्या जागेला मराठीत दोन नावं आहेत. छापील मराठीत 'लिलाव'. आमच्याकडे 'हर्रास'. जळगावच्या बाजार समितीत भल्या पहाटे भाजीपाल्याचा हर्रास होतो. मेथीच्या जुड्या, वांग्यांची पोती, हिरव्या मिरचीचे ढीग, दवाने ओलं झालेलं गोणपाट. अडत्याचा माणूस ढिगावर उभा राहून भाव पुकारतो, घेणारे कोंडाळं करतात, आकडा चढत जातो, 'एक बार, दोन बार, तीन बार' आणि माल सुटतो. खानदेशात, वऱ्हाडात, मराठवाड्यात हा शब्द सहज चालतो. पुण्याकडून बदलून आलेल्या एका शेजाऱ्याने मला विचारलं होतं, "हर्रास म्हणजे ऱ्हासाचं काही का?" त्याला तसं वाटणं साहजिक होतं, पण ऱ्हास संस्कृत आणि हर्रास अरबी. अरबीत 'हराज' म्हणजे पुकारा करून माल विकणं. दख्खनी उर्दूत, तेलुगूत तो अजून 'हर्राज', 'हर्राजु' असा आहे. मराठीत शेवटचा 'ज' बोथट होऊन 'स' झाला.

आणि लिलाव? तो पोर्तुगीज 'लेलाओं'. पगार, चावी, बटाटा, घमेलं यांच्याबरोबर तो गोवा-वसईच्या किनाऱ्यावर उतरला. उत्तरेकडे तोच 'नीलाम' झाला. इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण पोर्तुगीजांनी तरी तो कुठून घेतला? अरब काही शतकं त्यांच्या देशावर राज्य करून गेले होते. बहुतेक अभ्यासक लेलाओंचं मूळ अरबी 'अल्-इअलाम' मध्ये मानतात, म्हणजे कळवणं, जाहीर करणं. इल्म, मालूम, तालीम हे आपल्या ओळखीचे शब्द त्याच धातूचे. मला हे कळलं त्या दिवशी मी खरोखर उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. एकाच अरबी बाजारातून दोन शब्द निघाले. एक समुद्राने पोर्तुगालला वळसा घालून, गलबतात बसून कोकणात आला. दुसरा खुष्कीच्या वाटेने, फारसीच्या काफिल्याबरोबर दख्खनेत आला. आणि दोघांची गाठ पडली ती जळगावच्या भाजीबाजारात, जिथे समितीच्या फलकावर लिलाव लिहिलेलं असतं आणि शेतकरी म्हणतो, "चाल, हर्रासले उशीर होई राहिना."

मला विचाराल तर हर्रास टिकवावा. लिलाव शब्दात कागद आहे, अटी-शर्ती आहेत, अनामत रक्कम आहे. हर्रासात माणसाचा गळा आहे.

गळ्याशीच जोडलेला तिसरा शब्द, 'बोली'. बोलून सांगितलेला भाव ती बोली. ठरलेला करार तीही बोली, 'पगाराची बोली झाली' म्हणतो तशी. आणि अहिराणी, लेवा ही पण बोली. लंडनच्या सभागृहात आता लोक हात वर करतात, फोनवर आकडा सांगतात, पडद्यावर बोट दाबतात, तरी मराठीत ती बोलीच राहिली. आमच्या गुरांच्या बाजारात याच्या अगदी उलट रीत पाहिली आहे. हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, तोंडातून चकार शब्द नाही. तिथे बोली नाही म्हणून चढाओढही नाही. बैलाचा भाव दोघांतच राहतो. हर्रासात तो सगळ्या गावाचा होतो.

भांड्यांचा आणि पैशांचा संबंधही भाषेने फार जुना मानला आहे. संस्कृत 'भांड' म्हणजे पात्र, आणि व्यापाऱ्याचा मालही. त्यावरून भांडार आणि भांडवलही. आज कारखान्याचं भांडवल म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे डेरा-रांजण येत नाही. पण धान्य, तेल, तूप, नाणी सगळं भांड्यातच साठत असे, तेव्हा ज्याच्या घरी भरलेली भांडी जास्त तो भांडवलदार, हे सांगावं लागत नसेल.

चिनी मातीच्या वाट्याला मात्र नशीब निराळं आलं. तिच्या नावात देशच शिरला. फारसीत 'चिनी' म्हणजे चीनचा, आणि तिकडून येणारी पांढरीशुभ्र, वाजवली तर खणखणणारी भांडी ती चिनी भांडी. दौलताबादच्या किल्ल्यात 'चिनी महाल' आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने तिथे कैदेत ठेवलं होतं. महालाच्या भिंतीवर एकेकाळी झिलईच्या फरशा होत्या, त्यावरून ते नाव. म्हणजे चिनी हा शब्द चीनला न जाताही लागू झाला. झिलई दिसली की पुरे. चीनमध्ये जिंगदेजेन या भांड्यांच्या गावाजवळ काओलिंग नावाची टेकडी आहे. तिथल्या पांढऱ्या मातीवरून जगभर त्या मातीचं नाव 'केओलिन' पडलं. युरोपने भांड्याला 'पोर्सेलिन' म्हटलं ते इटालियन 'पोर्चेलाना'वरून, आणि पोर्चेलाना म्हणजे कवडी. कवडीची पाठ तशी तुळतुळीत आणि उजेड आत घेणारी असते म्हणून. आपल्याकडे ज्याला काही किंमत नाही ते कवडीमोल, आणि तिकडे कवडीच्या नावाच्या भांड्यावर घरं विकून बोली लागते. कवडी तीच आहे.

दीपनगरला राहणाऱ्याला चिनी माती डोक्यावर दिसते. वीज केंद्रातून निघणाऱ्या तारा मनोऱ्यांवर जिथे टेकतात, तिथे इन्सुलेटर लोंबत असतात. खालून पाहिलं तर एकावर एक उपड्या बशा रचून माळ केल्यासारखे. तपकिरी, चकचकीत, पावसात धुतले की आणखी चकचकीत. हीही भाजलेली चिनी मातीच. १२०० अंशांच्या वर भट्टीत राहून निघालेली, म्हणून वीज तिच्यातून जात नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. दिवसभर तापलेल्या या बशांवर वळवाच्या पहिल्या सरीचे थेंब पडले की एखादी तडकते आणि गावात अंधार होतो. लाइनमन मग काळोखात बॅटरी लावून तडा शोधत फिरतो. बारीक असतो तो, केसासारखा. लंडनचा पारखी ज्याला भिंगाखाली हुडकतो तोच तडा. अमेरिकेत जुने इन्सुलेटर जमवणाऱ्यांची संघटनाच आहे, त्यांचे मेळे भरतात. आमच्याकडे उतरवलेले इन्सुलेटर कुंपणाच्या कडेला पडलेले असतात. एकदा मी त्यातला एक घरी आणला, उपडा ठेवून त्यात गुलबक्षी खोचली. तेव्हा तो फुलदाणी झाला होता, हे मी मनापासून मान्य करतो. शब्दाला तेवढंच हवं असतं.

'बशी'ही अशीच प्रवासाने दमलेली. पोर्तुगीज 'बासिया' म्हणजे पसरट भांडं, परात. तिचं आपल्याकडे आल्यावर अंग आटलं आणि ती कपाच्या खाली बसली. 'बसते ती बशी' अशी व्युत्पत्ती मला शाळेत एका मित्राने सांगितली होती. खोटी असली तरी विसरता येत नाही.

'बरणी'चं घराणं त्याहून मोठं. अरबी 'बर्निय्या', झिलईचं मातीचं भांडं. तेच अरबांबरोबर स्पेनमध्ये गेलं तेव्हा 'अल्बोर्निया' झालं, अजून तिथे मोठ्या वाडग्याला म्हणतात. हिंदीवाले लोणच्याच्या बरणीला 'मर्तबान' म्हणतात. भुसावळ हे रेल्वेचं गाव असल्याने तो शब्द माझ्या कानावर लहानपणापासून आहे. मर्तबान हे ब्रह्मदेशातलं बंदर. तिथून झिलईचे मोठे रांजण जहाजांवर चढत आणि बंदराचं नाव अंगावर घेऊन जगभर जात.

आमच्या घरात आजीची एक बरणी आहे. वरचा अर्धा भाग गुळाच्या रंगाचा, खालचा सायीच्या. जिथे दोन रंग भेटतात तिथे गूळ ओघळून सायीवर आल्यासारखी एक नागमोडी कड आहे. कुणी ती मुद्दाम काढलेली नाही. भट्टीत झिलई वितळली आणि जिथे थांबली तिथे थांबली. बुडाला लंबगोल शिक्का होता, तो घासून गेला आहे. अशा बरण्या गुजरातेतून थानगढ-मोरबीकडून फार येत. तिकडचा परशुराम पॉटरी वर्क्स हा नावाजलेला कारखाना परशुराम गणपुले या मराठी माणसाने उभा केला होता. चैत्र-वैशाखात कैरीचं लोणचं घातलं की आजी बरणीच्या तोंडावर पांढरं फडकं ताणून दोऱ्याने बांधायची. त्या फडक्याला 'दादरा' म्हणतात. नव्या मुलांना दादरा म्हटलं की गाणं आठवतं. बरणीचा दादरा आता प्लॅस्टिकच्या झाकणाने घालवला, आणि शब्दही त्याच्याबरोबर निघून चालला आहे. मला याचं खरंच वाईट वाटतं. वस्तू लिलावात तरी जाते, कुणीतरी ती काचेत ठेवतं. शब्दाला तशी कपाटं कमी.

कमी, पण आहेत. धुळ्याला एक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर दप्तरं आणि शब्द गोळा केले आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचे धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश छापले. मराठीतल्या व्युत्पत्तीच्या अभ्यासाचा एक मोठा आवा खानदेशात पेटलेला होता, हे आपल्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं. राजवाड्यांची एखादी व्युत्पत्ती ओढूनताणून वाटते, पुढच्यांनी काही नाकारल्याही. पण कुणब्याच्या तोंडचा शब्दही पाणिनीच्या शब्दाइतक्याच आदराने उचलायचा, ही त्यांची रीत मी मानतो.

त्या रीतीने उचलायचा तर या सगळ्या शब्दांत मला थोरला वाटतो तो 'खापर'. लिलावात ज्याला काहीच भाव नाही असा. फुटक्या भांड्याचा तुकडा ते खापर. संस्कृत 'कर्पर', प्राकृत 'खप्पर', आपलं खापर. गंमत अशी की कर्पराचा दुसरा अर्थ डोक्याची कवटी. आणि संस्कृतात खापराला आणखी एक शब्द आहे, 'कपाल'. त्याचेही तेच दोन अर्थ, खापर आणि कवटी. तो कपाल मराठीत आला आणि कवटीवरून सरकत पुढे येऊन 'कपाळ' झाला. म्हणजे आपण कपाळाला कुंकू लावतो, कपाळाला हात लावतो, तेव्हा नकळत खापराला हात लावत असतो. माणसाचं डोकं आणि मातीचं भांडं, दोन्ही पोकळ, दोन्ही गोल, दोन्ही पडलं की फुटणारं. जुन्या लोकांना एकच शब्द पुरला. 'खापर फोडणे' म्हणताना आपण दुसऱ्याच्या डोक्यावर दोष फोडतो, त्यात हे नातं अजून जिवंत आहे. आणि पणजोबाच्या मागच्या पिढीला आपण खापरपणजोबा म्हणतो.

खानदेशात खापराचा आणखी एक अर्थ आहे आणि तो चुलीवर असतो. उपडं घातलेलं मोठं पसरट मातीचं भांडं. त्यावर हातावर फिरवून फिरवून पातळ केलेली पुरणाची पोळी टाकायची, ती खापरावरची पोळी, मांडा. लग्नाच्या पंगतीत बायका कोपरापर्यंत हात उघडे ठेवून मांडे करतात. पोळी मनगटावरून कोपराकडे सरकत मोठी होत जाते आणि एका झटक्यात खापरावर पडते. लोखंडी तव्यावर ती चव येत नाही, हे आमच्याकडे वादाच्या पलीकडचं आहे. वैदिक यज्ञात पुरोडाश भाजत ते कपालांवरच, मातीच्या खापरांवर. यज्ञशाळेतला कपाल आणि आमच्या मांडवामागची चूल यांत हजारो वर्षांचं अंतर आहे, पण पीठ, माती आणि विस्तव तेच.

मुक्ताबाईची गोष्ट मराठी मुलखाला पाठ आहे. मांडे भाजायला तिला खापर हवं होतं. विसोबाने कुंभारांना दम भरला आणि कुणी ते दिलं नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून पाठ तापवली आणि बहिणीने पाठीवर मांडे भाजले. ती मुक्ताबाई तापीकाठी मेहुणला गुप्त झाली, असं वारकरी मानतात. दीपनगरहून पुढे गेलं की मुक्ताईनगर लागतं. दर आषाढीला तिची पालखी तिथून पंढरपूरला निघते. जिला कुंभाराने साधं खापर नाकारलं, ती ज्या मुलखात विसावली तिथे आज घराघरात खापर आहे. ही जोडणी योगायोगाची असेल, पण मला ती सोडवत नाही.

आणि पुराणवस्तूवाल्यांचं खापर. तापीकाठचं सावळदा, गिरणेकाठचं बहाळ, तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा. या गावांत उत्खननं झाली तेव्हा सोनंनाणं निघालं म्हणून ती गाजली नाहीत. निघाली खापरं. सावळद्याच्या खापरांवर काळ्या रंगात हत्यारांच्या, प्राण्यांच्या आकृत्या होत्या. सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या त्या भांड्यांना अभ्यासकांनी 'सावळदा' हेच नाव दिलं, आणि त्या काळच्या संस्कृतीलाही. आमच्या एका लहानशा गावाचं नाव असं जगातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गेलं, ते फुटक्या तुकड्यांमुळे. अखंड भांडं लिलावात जातं; काळ सांगायला खापर पुरतं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि ती कुणालाही खासगीत देशाबाहेर नेता येत नाही. त्यात भाच्याच्या फोटोतल्यासारखी भांडी मोडतात. सावळद्याचं एक खापर त्यांच्याहून कितीतरी पटीने जुनं, पण नांगराच्या फाळाला लागलं तर बांधावर फेकलं जातं.

शेवटी भाच्याला उत्तर पाठवलं. लिहिलं की याला 'कुंभ' म्हण. चित्रांचा, झिलईचा मातीचा कुंभ. घडवणारा कुंभकार, म्हणून कुंभार. त्याच्या हातून निघालं ते कुंभ. त्यात फुलं ठेवायची अट नाही, पूजा करायची सक्ती नाही. आईला सांग, अजिंठ्याची चित्रं असलेला कुंभ. त्याने विचारलं, "मामा, बोली लावू का?" मी म्हटलं, आधी बूड दाखवायला सांग.

त्याच आठवड्यात आखाजी होती. आमच्याकडे त्या दिवशी पितरांसाठी कोरी घागर भरतात. मी वरणगावच्या बाजारात गेलो. कुंभारीण उन्हात गोणपाटावर घागरी मांडून बसली होती, काळ्या एका बाजूला, तांबड्या दुसऱ्या बाजूला. मी एक उचलली तशी तिने ती माझ्या हातातून घेतली, "थांब भाऊ, वाजाडी देते," म्हणाली, आणि बोटाच्या पेराने खांद्यावर टिचकी मारली. बद्द वाजलं. तिने ती मागे सरकवली. दुसरीला मारली, तीही ठेवली. तिसरी ठणकन वाजली, आवाज घागरीच्या पोटात फिरून तोंडातून बाहेर आला. "ही ने, ठणठणीत शे," ती म्हणाली.